धनत्रयोदशीचा दिवा, सुपीरियरच्या कड्यावर

रविवार, ५ नोव्हेंबर २०२३, नागपूर

सकाळी अंबाझरीच्या कट्ट्यावर माझी हजेरी घेतली गेली. लोक अमेरिकेला जाऊन नायगारा पाहतात, न्यूयॉर्क पाहतात. मी मात्र पोराला फोनवर बजावून ठेवलं होतं की मला एका तलावाकाठचा दीपस्तंभ पाहायचा आहे, आणि तोही १० तारखेलाच. "दीपस्तंभच पाहायचा तर रत्नागिरीले जा न भाऊ, कोकण रेल्वेत तुमचा पासही चालेल," असा एक सल्ला आला. दुसऱ्याला तलावाला दीपस्तंभ असतो हेच पटेना. अंबाझरीचा पलीकडचा काठ तर कट्ट्यावरूनच दिसतो, मग दिवा दाखवायचा कोणाला?

मी चौतीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढली. नोकरीला लागलो तेव्हा नरखेडच्या बाजूला अजून खांबावर आडवा लोखंडी हात असलेले सिग्नल होते, आणि त्यांच्या बत्त्या राकेलवर चालायच्या. दिवस कलला की बत्तीवाला काचा पुसून, वात कातरून, दिवा घेऊन शिडी चढायचा. त्या बत्तीत वात असायची करंगळीएवढी, पण समोरच्या भिंगामुळे ड्रायव्हरला ती लांबून दिसायची. हे भिंग कुठून आलं याचा शोध घेताना फ्रेनेल या फ्रेंच माणसाचं नाव कळलं. ऑगस्तँ फ्रेनेलचं भिंग १८२३ साली फ्रान्समधल्या कोर्दुआं दीपस्तंभावर पहिल्यांदा लागलं. तेव्हापासून त्या जातीचं मोठं भिंग जवळून पाहायचं मनात होतं, आणि पोराची नोकरी नेमकी मिनेसोटात निघाली.

निघायच्या आधी अजनीला जुन्या सोबत्याकडे जाऊन आलो. आम्ही दोघं एकाच केबिनला होतो. आता त्याचे गुडघे गेलेत, खुर्ची आणि खिडकी एवढंच जग. तो म्हणाला, "दिव्याची झलक किती सेकंदांनी येते ते घड्याळ लावून मोज. पाटीवरचं वाचून मले सांगू नको."

बॅगेत चकली, चिवडा, संत्रा बर्फीचे दोन डबे आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या बारा पणत्या. पणत्या तिकडे मिळतात असं सुनेनं सांगितलं होतं, पण हिला आपल्याच हव्या होत्या.

सोमवार, ६ नोव्हेंबर

दिल्ली, अ‍ॅमस्टरडॅम, मिनियापोलिस. आम्ही पोचलो, बॅग पोचली नाही. काउंटरवरच्या बाईंनी अतिशय गोड हसून एक फॉर्म दिला. त्या बॅगेत माझी थर्मल, हिची स्वेटरं, पणत्या आणि बर्फी. हिला स्वेटरांपेक्षा बर्फीची चिंता जास्त. विमानकंपनीच्या कोठारात मुंग्या असतात का, हे तिनं मला दोनदा विचारलं.

मंगळवार आणि बुधवार

झोप. रात्री दोनला टक्क जाग, दुपारी जेवणाच्या ताटावर डुलक्या. पोराच्या मित्राचा कोट मला झाला, सुनेचा जुना कोट हिला झाला. भारतीय दुकानातून कणीक आणि तिळाचं तेल आणलं. बॅगेचा पत्ता नाही.

गुरुवार, ९ नोव्हेंबर, डुलुथ

आज वसुबारस. नागपुरात असतो तर संध्याकाळी गाय-वासराची पूजा झाली असती. इथं हायवेच्या कडेला लांबवर काळ्या-पांढऱ्या गाई दिसल्या, त्यांना हिनं गाडीतूनच हात जोडले. मागच्या सीटवरच्या नातीनंही जोडले आणि मग विचारलं, "आजी, का?" उत्तर डुलुथ येईपर्यंत चाललं.

मिनियापोलिस ते डुलुथ अडीचशे किलोमीटर, सगळा सपाट रस्ता, दोन्ही बाजूंना पानं गळालेली झाडं. शेवटी एक टेकडी चढते आणि माथ्यावर आलं की पुढची जमीन एकदम संपते. खाली गाव, आणि गावापलीकडे पाणीच पाणी, त्याला पलीकडचा काठ नाही. मी पोराला गाडी थांबवायला सांगितली, तो म्हणाला हायवेवर थांबता येत नाही. बरोबर आहे, पण तेवढ्यापुरता राग आला.

सुपीरियर सरोवर ८२,१०० चौरस किलोमीटर पसरलेलं आहे. आपल्या नागपूर जिल्ह्यासारखे आठ जिल्हे त्यात मावतील आणि वर थोडी जागा उरेल. सर्वांत खोल जागी ४०६ मीटर. क्षेत्रफळाच्या हिशेबात गोड्या पाण्याचं जगातलं सर्वांत मोठं सरोवर. ही गेली काठाशी, बोटं बुडवली, चाखून पाहिलं आणि म्हणाली, "खरंच गोड आहे हो." इतक्या लाटांचं पाणी खारट नाही हे तिच्या जिभेला पटत नव्हतं.

बंदरात शिरायला एक अरुंद कालवा आहे. त्यावरचा पूल १९०५ सालचा. सुरुवातीला त्याला टांगलेल्या पाळण्यातून माणसं आणि गाड्या पलीकडे नेत, पुढे १९३० च्या सुमाराला त्याचा उचलता पूल केला. आम्ही उभे होतो तेव्हा एक जहाज आलं. त्यानं भोंगा दिला, पुलानं तसाच परत दिला, आणि पुलाचा अख्खा रस्ताच आडवाच्या आडवा वर गेला. केबिनमधून गाडीला सिग्नल देतानाचा तोच देवाणघेवाणीचा रिवाज. माझा हात नकळत लिव्हर ओढल्यासारखा हलला. ते नातीनं पाहिलं आणि दिवसभर माझी नक्कल केली.

ही जहाजं लोखंडासाठी येतात. मेसाबीच्या खाणींतलं खनिज रेल्वेनं इथं उतरतं आणि जहाजानं पूर्वेकडच्या पोलाद कारखान्यांना जातं. आमच्या लाइनवर मालगाड्या जे काम करतात ते इथं पाणी करतं.

याच कालव्याच्या तोंडाशी २८ नोव्हेंबर १९०५ ला मटाफा नावाचं जहाज धक्क्यावर आदळलं, फिरलं आणि काठापासून हाकेच्या अंतरावर मोडलं. गावातले हजारो लोक किनाऱ्यावर जमले. रात्रभर त्यांनी शेकोट्या पेटवून ठेवल्या, पण लाटांमुळे कोणालाच जहाजापर्यंत जाता आलं नाही. सकाळपर्यंत जहाजाच्या मागच्या भागातले नऊ जण थंडीनं गेले होते. मी त्या धक्क्यावर उभं राहून अंतर डोळ्यांनी मोजलं. आपल्या प्लॅटफॉर्मच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला दिसतो, तेवढंच.

त्या एका वादळात एकोणतीसएक जहाजं बुडाली किंवा मोडली. जहाजवाल्यांनी सरकारकडे धोशा लावला, १९०७ साली ७५ हजार डॉलर मंजूर झाले आणि त्यातून आम्ही उद्या पाहणार तो स्प्लिट रॉकचा दीपस्तंभ उभा राहिला.

शुक्रवार, १० नोव्हेंबर, स्प्लिट रॉक

धनत्रयोदशी. तारीख १० हवी हा माझा हट्ट वेगळ्या कारणानं होता. पंचांगानं त्यात धनत्रयोदशी आणून घातली, हे तिकीट काढल्यावर हिच्या लक्षात आलं. तेव्हापासून ती म्हणत होती की यमदीपदान चुकवायचं नाही, मग दीपस्तंभ असो की काही असो.

डुलुथहून ६१ नंबरचा रस्ता सरोवराच्या काठाकाठानं ईशान्येकडे जातो. वाटेत गूजबेरीचा धबधबा लागतो. तिथं कॉफी प्यायलो, फोटो काढले, झालं. दुपारी साडेबाराला पोचलो.

काळ्या-करड्या दगडाचा सरळ तुटलेला कडा, पाण्यापासून १३० फूट उंच. त्याच्या अगदी टोकावर पिवळसर विटांचा आठ कोनी बुटका मनोरा. उंची फक्त ५४ फूट. रत्नागिरीवाल्या मित्रानं पाहिलं असतं तर म्हणाला असता, एवढ्यासाठी गेले का? पण उंची कड्यानंच दिलेली आहे. आपल्या सीताबर्डीच्या किल्ल्याचंही असंच, टेकडीच निम्मा किल्ला आहे. दोन्हीकडचा दगड जमिनीच्या पोटातल्या वितळलेल्या रसातूनच थिजलेला, फक्त इथला अब्जाहून जास्त वर्षांचा आणि आपला त्याच्यापुढे कालपरवाचा.

१९०९ साली बांधकाम सुरू झालं तेव्हा इथं रस्ता नव्हता. विटा, लोखंड, सिमेंट सगळं जहाजानं आणून कड्याखाली उभं करायचं आणि वाफेच्या यारीनं वर ओढायचं. १९१० च्या उन्हाळ्यात दिवा लागला. रस्ता १९२० च्या दशकात आला. तोवर रखवालदार आणि त्याचे दोन मदतनीस यांना रेशन, टपाल, राकेल सगळं पाण्यातूनच. आम्हाला आडबाजूच्या स्टेशनला बदली झाली की वाटायचं काळ्या पाण्यावर पाठवलं. तिथं निदान दिवसातून दोन पॅसेंजर थांबायच्या.

दिवा इथेच का, याचं एक कारण खाली जमिनीत आहे. या भागात लोहखनिज भरपूर, त्यामुळे होकायंत्राची सुई भरकटते असं खलाशी सांगत. ज्या लोखंडासाठी जहाजं यायची, तेच त्यांची दिशा चुकवायचं.

मनोऱ्यात गोल लोखंडी जिना. वर गेल्यावर मी बराच वेळ काही बोललो नाही.

भिंग माणसाएवढं उंच आहे. दोन शिंपले समोरासमोर उभे करावेत तसं. पॅरिसमध्ये बनलेलं, २५२ लोलकांचं. मधोमध बैलाच्या डोळ्यासारखं गोल भिंग आणि त्याच्याभोवती वर्तुळावर वर्तुळ काचेच्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीचा कोन वेगळा, वर-खाली सांडणारा उजेड ओढून समोरच फेकणारा. पितळी चौकटीवर बोटांचे ठसे नाहीत. माझा हात पुढे गेला तेव्हा तिथल्या माणसानं हळूच "सर" म्हटलं. त्यानं जुन्या रखवालदाराचा गणवेश घातला होता, दुहेरी बटणांचा निळा कोट.

भिंगाचं एवढं धूड पाऱ्यावर तरंगतं. खाली वाटोळ्या कुंडात पारा, त्यावर भिंगाचा पाट. त्यामुळे एका बोटानं ढकललं तरी फिरेल. फिरवायला मोटार नव्हती, घड्याळाचं यंत्र होतं. मनोऱ्याच्या पोकळीत वजनं सोडलेली, ती हळूहळू खाली उतरणार आणि उतरता उतरता भिंग फिरवणार. मी विचारलं, वजन तळाला किती वेळात पोचतं? तो म्हणाला, दोन तासांत. म्हणजे रात्रभर दर दोन तासांनी कोणीतरी हँडल मारून वजन वर चढवायचं. मी विचारलं, आणि झोप लागली तर? तो हसला. तो काही खऱ्या ड्यूटीवर नव्हता, त्याला हसता येणारच. मी हसलो नाही. झोप लागणं म्हणजे काय ते मला माहीत आहे.

बत्ती राकेलचीच, पण वातीची नव्हे. राकेलची वाफ करून जाळीच्या मॅन्टलवर जाळायची, आपल्या पेट्रोमॅक्ससारखी. वीज १९४० ला आली. १९६९ ला तटरक्षकांनी दिवा बंद केला, कारण तोवर जहाजांवर रडार आलं होतं. आता सगळी जागा राज्याच्या इतिहास संस्थेकडे आहे. दिवा रोज लागत नाही. आजच्या दिवशी मात्र लागतोच.

१० नोव्हेंबर १९७५ ला एडमंड फिट्झजेराल्ड हे २२२ मीटर लांबीचं जहाज याच सरोवरात बुडालं. आदल्या दिवशी ते डुलुथच्या शेजारच्या सुपीरियर बंदरातून लोहखनिजाच्या गोळ्या भरून निघालं होतं. इथून फार लांब, पूर्वेच्या टोकाला, व्हाइटफिशच्या उपसागराच्या तोंडाशी ते गेलं. एकोणतीस माणसं, एकही वाचला नाही. मागून येणाऱ्या जहाजानं रेडिओवर विचारलं तेव्हा कप्तान मॅकसॉर्लींचं शेवटचं उत्तर होतं की आम्ही टिकून आहोत. त्यानंतर रडारवरून ते पुसलं गेलं.

आता मला त्यात छळणारी गोष्ट वेगळी आहे. त्या रात्री व्हाइटफिश पॉइंटचा दिवा आणि रेडिओचा संकेत दोन्ही बंद पडले होते. जहाज बुडायला तेवढंच कारण झालं असं कोणी म्हणत नाही, कारणांवर आजही वाद आहे. पण कप्तान रेडिओवर विचारत होता की दिवा लागलेला आहे का.

रेल्वेत आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात की सिग्नलची बत्ती विझलेली असली तर ड्रायव्हरनं ती लाल समजायची आणि थांबायचं. अंधाराचाही अर्थ ठरलेला असतो. नोकरीत माझ्या हद्दीत बत्ती गेली असेल तर गाडी उशिरा सुटली, मला मेमो मिळाला, एवढंच नुकसान. जहाजाला वादळात थांबता येत नाही. तिथं विझलेल्या दिव्याचा काहीच अर्थ होत नाही. हे मी आधी कधी असं मनात आणलं नव्हतं. मनोऱ्याच्या पायथ्याशी बाकावर बसून आणलं. ही शेजारी नातीच्या हातमोज्यातलं हरवलेलं बोट शोधत होती.

दुपारी शेदीडशेच्या वर पायऱ्या उतरून खाली पाण्याशी गेलो. सगळ्या फोटोंतला तो प्रसिद्ध कोपरा तिथूनच दिसतो. चढताना मात्र दोनदा थांबावं लागलं. ही वरच थांबली होती, शहाणी आहे.

साडेचारच्या सुमाराला सगळे मनोऱ्याभोवती जमले. सूर्य याच वेळेला मावळतो इथं. वारा सरोवरावरून सरळ आत येत होता, कान जागेवर आहेत की नाहीत ते चाचपून पाहावं लागत होतं. एकानं एकेक नाव वाचायला सुरुवात केली आणि प्रत्येक नावानंतर जहाजाची घंटा. कोणी बोलत नव्हतं. लहान पोरंही नाही. आमच्या नातीनं बोटांवर मोजायला घेतलं, हातमोज्यांमुळे दहाच्या पुढे तिचा हिशेब चुकला. एकोणतीस झाल्यावर घंटा तिसाव्यांदा वाजली. ती या सरोवरांत गेलेल्या बाकी सगळ्यांसाठी.

मग वर काचेच्या खोलीत उजेड झाला.

भिंग फिरू लागलं की उजेड सगळीकडे पसरत नाही, त्याचे दोन दांडे होतात. एक दांडा पाण्यावरून जातो, काळ्या पाण्याचा एक पट्टा पांढरा करतो आणि सरकतो. तो तुमच्याकडे वळला की क्षणभर डोळे दिपतात, पुन्हा काळोख. मी घड्याळ काढलं. मोजलं. पुन्हा मोजलं. फोनवर तीन मिनिटांचा व्हिडिओ घेतला, तेवढ्यात बोटं बधिर झाली.

अंधार पडल्यावर या मनोऱ्यावर चढून पेटलेला दिवा जवळून पाहायला वर्षातून ही एकच संध्याकाळ. रांग लांब होती. आम्ही चढलो. आतून पाहिलं तर भिंगाच्या प्रत्येक पट्टीत एकेक छोटा दिवा दिसतो. हिनं एवढंच म्हटलं, "दीपमाळच की."

खाली आलो तर हिची घाई सुरू. पर्समध्ये कणकेचा दिवा होता, सकाळी हॉटेलात मळून केलेला, बोटानं खोलगट केलेला, त्यात हळदीचं बोट. तिळाचं तेल औषधाच्या बाटलीत. पोरगा म्हणाला, "आई, इथं आग पेटवायची परवानगी नसते बहुतेक." हिनं त्याच्याकडे नुसतं पाहिलं. सून हळूच म्हणाली, "पार्किंगच्या डांबरावर लावू या, डब्याच्या झाकणावर. गवत नाही काही नाही."

आता दक्षिण कुठली? पोरानं फोनचं होकायंत्र काढलं, मी म्हटलं की इथल्या लोखंडावर विश्वास नाही. मग मीच हिशेब केला. सूर्य कुठे मावळला ते पाहिलं होतं, नोव्हेंबरात तो नैर्ऋत्येकडे सरकलेला असतो, तेवढं डावीकडे वळलो. फोननं तीच दिशा दाखवली. पोरगा काही बोलला नाही, हसला.

तीन काड्या वाऱ्यानं नेल्या. चौथीला मी गुडघ्यांवर बसलो, कोट दोन्ही बाजूंनी ओढून तंबू केला आणि तळव्यांची ओंजळ वातीभोवती धरली. नरखेडला बत्तीवाला भर पावसात असाच शिडीवर बसायचा, अंगानं सगळा वारा अडवून. वात धरली. ज्योत आधी निळी, मग पिवळी, मग स्थिर. ही पुटपुटत होती. नात माझ्या पाठीला टेकून उभी होती, तिचाही आडोसा झाला. मागच्या कड्यावरून उजेडाचा दांडा झाडांच्या शेंड्यांवरून जात होता. मी मनात त्याच्या झलका मोजत होतो. अकरा झाल्या तेव्हा ज्योत गेली.

"झालं," ही म्हणाली. "पोचला दिवा."

पोरानं झाकण उचललं, डांबरावर काही सांडलं का ते टॉर्चनं नीट पाहिलं.

शनिवार, ११ नोव्हेंबर

परतीच्या वाटेवर टू हार्बर्सला थांबलो. तिथला दीपस्तंभ १८९२ सालचा, लाल विटांचा, घरासारखा. छान आहे, पण काल ते भिंग पाहिल्यावर आज डोळ्यांत काही भरेना. नातीला गोट्यांसाठी किनाऱ्यावरचे गुळगुळीत दगड हवे होते, खिसा भरला.

रस्त्यातच विमानकंपनीचा फोन आला. बॅग सापडली, उद्या घरपोच. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पणत्या येतील. "आणि बर्फी?" हिनं मला विचारायला लावलं. पलीकडच्या माणसाला बर्फी म्हणजे काय ते समजावण्यात दोन मिनिटं गेली.

डुलुथला नेटवर्क आलं तसे फोनवर नागपूरचे निरोप टणाटण वाजू लागले. रात्री हॉटेलातून व्हिडिओ टाकला होता. कट्ट्याच्या ग्रुपवर सगळ्यांनी अंगठे दाखवले होते. रत्नागिरीवाल्यानं लिहिलं होतं, "फुटाळ्यावर कारंजे याहून भारी दिसतात." अजनीच्या सोबत्याचा निरोप वेगळा आला होता, भारतातल्या सकाळी सकाळी पाठवलेला:

"दहा सेकंद. बरोबर आहे. मी तीन डाव मोजले. मधात एकदा अकरा आले, ते तुझा हात हलला म्हणून."